गोड्या बावीचं घर

आमच्या घराचा पत्ता विचारला, तर गावातलं शेंबडं पोरही "गोड्या बावीकडे जा" असं सांगायचं. बाव म्हणजे विहीर. पालघरहून समुद्राकडे निघालेला रस्ता सातपाटीला पोचायच्या आधी वाड्यांमधून वळणं घेत जातो, त्यातल्या एका वळणावर आमची वाडी होती. पुढे केळी, मधे घर, मागे पानमळा आणि घर नि मळ्याच्या मधोमध ती बाव. किनाऱ्यालगतच्या गावात गोडं पाणी म्हणजे घराण्याची अब्रू. आळीतल्या बायका रोज सकाळी आमच्याकडे डाळीपुरतं पाणी न्यायला येत. खारट पाण्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही, हे ज्यांनी त्या भागात संसार केला आहे त्यांना सांगायला नको. बायका यायच्या, कळशी काठावर टेकवायच्या, आईशी दोन शब्द बोलायच्या आणि मग पोहरा सोडायच्या. बाबा नेमके त्याच वेळी अंगणात दात घासत उभे असायचे आणि ते दात घासणं काही केल्या संपायचं नाही. माणूस भारी मानी. देवळाच्या पंचांत त्यांना कधी घेतलं नाही, सोसायटीच्या निवडणुकीत ते आपटले, पण सकाळी त्या कळशा भरून जाताना पाहिल्या की त्यांचं सगळं भरून निघायचं.

पानमळा हा बाबांचा जीव होता. आता आमच्या गावात पानवेल दाखवायची म्हटली तर नातवंडांना घेऊन हिंडावं लागतं, पण तेव्हा वाडीवाडीत वेली होत्या. आत शिरलं की उन्हाळ्यातही गार वाटायचं, पानांचा तिखटसर वास यायचा आणि उजेडसुद्धा हिरवा दिसायचा. पानवेल म्हणजे लाडावलेली लेक. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, पाणी साचलेलं चालत नाही आणि आटलेलंही चालत नाही. बाबा तिला एरंडीची पेंड घालायचे, वाळक्या मासळीचं कूट घालायचे. त्या कुटाचा वास घरभर भरला की आई नाकाला पदर लावून म्हणायची, "वेलीला मेजवानी नि आमाला वास." खुडलेली पानं केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, गुंडाळून करंड्यांत भरली जात आणि गाडीला लागून कुठल्या कुठे उत्तरेकडे जात. आमच्या मळ्यातलं पान कोण खात असेल, त्याचा चेहरा कसा असेल, याचा मी लहानपणी फार विचार केला आहे. मला त्याला नेहमी मिशा दिसायच्या.

माझ्या आधीच्या काळात बावीवर रहाट होता. त्याची कुरकुर मला अगदी पुसट आठवते. मी मोठी होईतो तिथं तेलाचं इंजिन आलं होतं. माझा मोठा भाऊ वसंत बोईसरला कंपनीत लागला होता. शिफ्टच्या बसनं जायचा, यायचा आणि येताना हातांना ग्रीसचा वास नि डोक्यात यंत्रांचं वेड घेऊन यायचा. इंजिन त्यानंच बोईसरहून जुनं बघून आणलं. पहाटे ते सुरू झालं की पुकपुक असा आवाज साऱ्या वाडीत घुमायचा. आमची झोप त्या आवाजानं मोडत नसे, उलट तो थांबला की जाग यायची. आई त्याच सुमारास चूल पेटवायची. तांदळाच्या भाकरीची पहिली थाप आणि इंजिनाची पुकपुक यांचा ताल कधी जमायचा, कधी चुकायचा. थंडीत वालपापडी, कोनफळ नि रताळी घालून उकडहंडी लावली की त्या दिवशी शाळेत जायचं जिवावर यायचं.

मी नववीत गेले त्या वर्षी मळ्यात काहीतरी बिनसलं. पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी समुद्राकडच्या ओळींत, मग मधल्या. बाबांनी पेंड वाढवली, कूट वाढवलं, देवाला नारळ दिला. शेवटी त्यांनी ठरवलं की वेलींना पाणी कमी पडतंय. झालं, इंजिन जास्त वेळ चालू लागलं. दुपार कलेपर्यंत बावीचा तळ दिसायचा, आणि तळ दिसला की वसंत काठावरून वाकून म्हणायचा, "बाबा, खोल करायला पायजे. खाली मस्त पानी हाय." बाबांना ते पटलं. अक्षय्य तृतीयेनंतर विहीर खणणारी माणसं यायची ठरली, वसंतनं मोठ्या इंजिनाची चौकशीसुद्धा केली.

त्याच वर्षी आमच्या शाळेत पाटोळेबाई आल्या. सांगलीच्याही पलीकडच्या कोरड्या मुलखातल्या. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आमच्या गावात आल्यावर, आणि पाहून म्हणाल्या म्हणे, "एवढं पाणी आणि पिता येत नाही, काय हा चावटपणा!" भूगोल शिकवायच्या. त्यांच्या आधीचे गुरुजी भूगोल म्हणजे राजधान्या आणि पिकं पाठ करून घ्यायचे. पाटोळेबाईंनी पहिल्याच तासाला विचारलं, "तुमच्या पायाखाली काय आहे?"

"फरशी," आम्ही म्हणालो.

"फरशीखाली?"

"माती."

"आणि मातीखाली?"

मागच्या बाकावरून कुणीतरी "पाताळ" म्हणालं आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "चला, बघून येऊ पाताळ," म्हणाल्या आणि आम्हाला शाळेच्या मागे घेऊन गेल्या. फावडी, घमेली शाळेच्या बागेतलीच होती. आम्ही आळीपाळीनं खड्डा खणला. वर काळपट माती, तिच्याखाली पिवळी वाळू आणि वाळूखाली शिंपल्यांचा हातभर जाड थर. अख्खे, फुटके, चुरा झालेले शिंपले. मग ओलसर वाळू आणि तिच्यात हळूहळू साचणारं पाणी. बाई खड्ड्याच्या काठावर साडी खोचून बसल्या होत्या. म्हणाल्या, "समुद्र एके काळी इथं होता. तुम्ही त्याच्या जागेत राहता." सातपाटीची जना माझ्या शेजारी उभी होती. तिच्या बापाची बोट होती. ती म्हणाली, "म्हंजे आमची बोट पार शाळेपर्यंत आली असती?" आणि नंतर किती तरी दिवस जना उशिरा आली की पोरं तिला बोट कुठं बांधलीस म्हणून विचारायची. मुख्याध्यापक मात्र खड्डा बघून चिडले. त्यांना तिथं व्हॉलीबॉलचं मैदान करायचं होतं.

मी स्वतः पुढे बोईसरच्या एका शाळेत जन्मभर भूगोलच शिकवला. वर्गात निम्मी मुलं हिंदी बोलणारी, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. एकदा त्यांना विचारलं, तुमच्या घरच्या पाण्याची चव कशी आहे? एक मुलगी म्हणाली, "मॅडम, जार का पानी है, उसका टेस्ट नहीं होता." मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. आमच्या वेळी पाण्याला चव होती आणि त्या चवीवरून माणसं ओळखली जायची.

पाटोळेबाईंनी चैत्रात आम्हाला सांगितलं, प्रत्येकानं आपल्या घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचं. वर्गात वाड्यांतली मुलं होती, सातपाटीच्या कोळीवाड्यातली होती, आणि डोंगराकडून येऊन वसतिगृहात राहणारी दोनचार वारली मुलं होती. ती रविवारी घरी जाऊन पाणी घेऊन आली. बाटल्या खिडकीत मांडल्या, समुद्राकडून डोंगराकडे, ज्या त्या गावाच्या क्रमानं. मग बाई म्हणाल्या, चाखून बघा. आणि वर्ग थबकला. कुणी कुणाच्या घरचं पाणी प्यायचं याचे नियम होते. ते कुणी शिकवले नव्हते, पण आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होते. बाईंनी लहानू नावाच्या वारली मुलाची बाटली उचलली, घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड आहे. डोंगरातल्या खडकातून आलंय." लहानू लाजून म्हणाला, "बाई, ती हीर पावसाळ्यापुरती. आता आटत आली." त्यानंतर आम्ही चाखलं, काही जणांनी नुसते ओठ ओले केले. बाईंना ते दिसलं, पण त्या दिवशी त्यांनी तेवढंच पदरात पाडून घेतलं.

चव प्रत्येकाची जीभ वेगळी सांगते, म्हणून बाईंनी पुढची युक्ती केली. सगळ्यांकडून सारख्या स्टीलच्या ताटल्या मागवल्या, प्रत्येकीत वाटीभर पाणी ओतलं, नावाची चिठ्ठी खाली दगडानं दाबली आणि ताटल्या शाळेच्या कट्ट्यावर उन्हात मांडल्या. ऊन मी म्हणत होतं. कावळ्यांनी पाणी पिऊ नये म्हणून आमच्या पाळ्या लावल्या. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा अभ्यास तोच असेल, हातात काठी घेऊन कावळे हाकणं. दुसऱ्या दिवशी पाणी उडून गेलं होतं आणि ताटल्यांत पांढरे डाग उरले होते. लहानूच्या ताटलीत नुसती पुसट रेघ. शेजारच्या ताराकाकींच्या मुलाच्या ताटलीत बारीकसं कडं. आणि माझ्या ताटलीत तळभर पांढरी खपली, नखानं निघेल अशी.

जना हसली. "अगो, ही तर आमच्यावानी!" तिच्याकडे विहीर होती ती जाळी धुवायची, प्यायची नव्हे. वाड्यांतली मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कारण ताटली गोड्या बावीची होती. मी म्हटलं, कावळ्यानं काहीतरी केलं असणार. बाईंनी वाद घातला नाही. परत पाणी आणायला सांगितलं, परत ठेवलं. परत खपली.

मग त्यांनी मला जवळ बसवून सगळं विचारलं. बाव किती खोल, समुद्र किती लांब, इंजिन किती वेळ चालतं. मी सांगत गेले आणि शेवटी खोल करायचं ठरल्याचंही बोलून गेले. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीतून काचेची बरणी आणली. तळाला मीठ आणि हळद घातलेलं पाणी ओतलं, त्यावर चमचा धरून अगदी सावकाश साधं पाणी सोडलं. दुधावर साय धरावी तसं साधं पाणी पिवळ्यावर तरंगत राहिलं. शाळेच्या बागेतल्या पपईच्या पानाचा दांडा कापून त्याची नळी केली आणि मला म्हणाल्या, "वरवर बुडव. हळू ओढ." तोंडात गोडं पाणी आलं. "आता जोरात ओढ." नळीखालचं पिवळं पाणी फुगल्यासारखं वर उठलं आणि माझ्या तोंडात खारट हळद आली. "आणि नळी खोल घातली तर?" बाईंनी विचारलं. ते करून बघायची गरज नव्हती. "माझ्या गावी खोल गेल्याशिवाय पाणीच नाही," त्या म्हणाल्या, "तिथं मीच सांगितलं असतं, खणा म्हणून. इथं खणलंत तर मळा जाईल. बाबांना सांगशील?"

सांगशील म्हणे! बाईंना काय माहीत, आमच्याकडे माणसाला त्याची मुलगी पळून गेली हे एक वेळ तोंडावर सांगतील, पण तुमची बाव खारट झाली असं कुणी म्हणणार नाही. ते म्हणणं म्हणजे घरात काहीतरी पाप आहे असं सुचवणं. मी दोन दिवस ते कुणाला न सांगता फिरले. तृतीया जवळ येत होती. मळ्यात गेले की करपलेल्या कडा मला दिसायच्या, आणि त्या वेलींना आपण रोज, प्रेमानं, मीठ पाजतोय हे मला एकटीला ठाऊक होतं. फार एकटं वाटलं मला त्या दिवसांत. त्या वयात असली माहिती अंगावर पेलत नाही.

रविवारी दुपारी बाबा नि वसंत जेवून ओट्यावर बसले होते. मी बरणी घेतली, मीठ, हळद घेतली आणि त्यांच्यापुढे बसून बाईंनी केलं ते सगळं केलं. आमच्या बावीचं नावसुद्धा काढलं नाही. शाळेत शिकवलं, एवढंच म्हणाले. बाबांना गंमत वाटली. "आन इकडं," म्हणत त्यांनी पपईची नळी घेतली आणि जन्मभर विडी ओढलेल्या छातीनं असा झुरका मारला की पिवळं पाणी थेट त्यांच्या तोंडात. बाबा थुंकले. वसंत पोट धरधरून हसला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी बरणी हातात घेतली, उजेडात धरली, आतलं गढूळ झालेलं पाणी बघत राहिले.

"ही बरणी आन् ही बाव, काय संबंध?" वसंत म्हणाला. "बाव केवढी!"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. म्हणाली, "मी गेल्या वर्सापासनं डाळीत सोडा टाकते."

बाबांनी वळून पाहिलं. "कशाला?"

"शिजत नाय म्हनून."

"आन् मना सांगितलं नाय?"

"कसं सांगू?" आई म्हणाली. "तुमी सकाळी बावीपाशी उभे ऱ्हाता, तवा तुमचं तोंड बघते ना मी."

बाबांचा राग आम्हाला ठाऊक होता, म्हणून आम्ही सगळे वाट बघत राहिलो. तो आला नाही. त्यांनी बरणी खाली ठेवली, पायात वहाणा घातल्या आणि मळ्यात गेले. संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. आईनं मला जवळ घेतलं नाही की शाबासकी दिली नाही. ती म्हणाली, "ती हळद किती टाकलीस? फुकट नाय येत." आणि भांडी घासायला बसली. पण त्या रात्री जेवताना माझ्या पानात सुकटीचा जास्तीचा घास होता.

विहिरीचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकते, मला गोष्ट ताटकळत ठेवता येत नाही. खणणारी माणसं ठरल्याप्रमाणे आली आणि बाबांनी त्यांना बाव खोल करायच्याऐवजी तळात वाळू नि दगड भरून उथळ करायला सांगितली. त्यांना वाटलं, मालकाला ऊन लागलं. त्यांचा मुकादम वसंतला बाजूला घेऊन, घरी कुणी मोठं माणूस आहे का म्हणून विचारत होता. इंजिन पहाटे थोडा वेळ चालवायचं, मग थांबायचं, पाणी आपोआप वर येऊ द्यायचं, असं बाबांनी ठरवलं आणि पाळलं. वसंत महिनाभर फुरंगटून बसला, मग मऊ झाला. समुद्राकडचा अर्धा मळा गेलाच. तिथं बाबांनी चिकू लावले, चिकूला थोडा खारटपणा सोसतो. उरलेला मळा मात्र पुढे कितीतरी वर्षं टिकला. पाटोळेबाईंची लवकरच बदली झाली. त्यांना निरोपाच्या दिवशी बाबांनी पानांचा एक करंडा पाठवला होता. बाई पान खात नव्हत्या, म्हणून त्यांनी तो स्टाफरूममध्ये ठेवला आणि मुख्याध्यापकांनी रंगवून रंगवून खाल्ला.

पण मला सांगायची आहे ती सोमवारची सकाळ. बरणीच्या दुसऱ्या दिवसाची. नेहमीप्रमाणे आळीतल्या बायका कळशा घेऊन आल्या. पुढे ताराकाकी. शेजारची वाडी त्यांची, नवरा गेलेला, एकुलता मुलगा माझ्याच वर्गात. त्यांच्याकडे छोटीशी उथळ बाव होती, तिला इंजिन कधी बसलं नाही, म्हणून तिचं पाणी गोडं राहिलं होतं. बाबा अंगणात उभे होते, पण दात घासत नव्हते. ताराकाकींनी पोहरा हातात घेतला तसे ते पुढे झाले आणि त्यांनी दोराला हात लावला.

"नेऊ नका," बाबा म्हणाले. "खारट झालीय बाव आमची."

मी ओट्यावर होते. एवढ्या बायकांसमोर माझा बाप ते म्हणाला होता, आवाज न चढवता, पेरू पिकलाय म्हणावं तसा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी पदर सावरला, कुणी कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

ताराकाकी म्हणाल्या, "आमाला ठाव हाय, भाऊ."

"कवापासनं?"

"झाली की दोन वर्सं."

बाबांनी दोर सोडला. "मग रोज न्यायला कशाला येता?"

"अवो, तुमी कदी नाय म्हटलं नाय," ताराकाकी म्हणाल्या. "मग आमी कसं नाय म्हनायचं? नेतो, झाडांना घालतो."

मागे एकजण फुसकन हसली आणि मग साऱ्याच हसल्या. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, सुटल्याचं हसू होतं. एकेक करून कुणी सांगू लागली, आमची पण झालीय, कुणी म्हणाली, आमची गेल्या उन्हाळ्यापासून. बाबा ऐकत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं, आता घरात जातील आणि आठवडाभर तोंड दाखवणार नाहीत. मला त्यांची इतकी कीव आली की मी उठून उभी राहिले.

ते घरात गेलेच. पण लगेच बाहेर आले, खांद्यावर आमची रिकामी कळशी घेऊन. आमच्या आळीत पुरुषानं पाण्याची कळशी उचललेली मी तोवर पाहिली नव्हती. आई धावत मागे आली, कळशीला हात घालून म्हणाली, "आणा इकडं, मी जाते. तारावैनींकडं काय मी मागू शकत नाय?"

बाबांनी कळशी दिली नाही.

"खारट झाली ते मी सांगितलं," ते म्हणाले, "मग गोडं मागायलाबी मीच जानार."